सहा अंडी आणि तीन अभिप्राय

तालुक्याच्या गावातल्या चर्चवर लिहिलेली कविता कुणी वाचायला दिली की अभिप्राय देणाऱ्याची पंचाईत होते, आणि ती कवितेपेक्षा चर्चमुळे होते. एरवी कविता खरडपट्टी काढण्यासाठीच असते अशा थाटात बोलणारी माणसं पाळकसाहेब, पंच कमिटी, उपासना संगीताचं पुस्तक असं काही समोर आलं की एकदम सभ्य होतात. कुणाच्या श्रद्धेला धक्का लागू नये, आपलं अज्ञान उघडं पडू नये, शिवाय अल्पसंख्याकांच्या लिखाणाकडे आपण मोकळ्या मनाने पाहतो हेही दिसावं, अशी तिहेरी कसरत सुरू होते. तिच्यात कविता वाचायची राहून जाते.

अलीकडे अशी एक कविता माझ्याकडे आली. लिहिणारी नगर जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दिवाळी अंकाला पाठवण्याआधी तिने ती आम्हा चारजणांना दाखवली. कवितेचा विषय हंगामाचा सण. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पिकं घरात आली की एका रविवारी चर्चच्या मंडळीतले लोक आपल्या शेतातलं, परसातलं, नाहीतर स्वयंपाकघरातलं काहीतरी देवापुढे आणून ठेवतात. ज्वारीची कणसं, दुधी भोपळा, शेंगांची पिशवी, लोणच्याची बरणी, पायाला सुतळी बांधलेली कोंबडी. उपासना संपली की चर्चच्या आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या खात्यात जातात. लिलाव म्हटला तरी तो बाजारातला लिलाव नसतो. वीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो परत देतो, पुन्हा बोली लागते. कुणी किती बोली लावली हे वर्षभर लक्षात राहतं. भक्ती, प्रतिष्ठा, चेष्टामस्करी आणि जुनी उणीदुणी एवढं सगळं एका भोपळ्यावर बसलेलं असतं.

या लिलावात एक विधवा बाई सहा अंडी घेऊन आली आहे. कवितेतलं कडवं असं आहे:

टोपलीत सहा
अंडी गावरान
वर एक पान
झाकलेलं

बोली लागते, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ अंडी पाचशे रुपयांना घेतात, सगळे टाळ्या वाजवतात, सगळे हसतात. पुढे पाळकसाहेबांची प्रार्थना, हिशोब, चहा. शेवटच्या दोन कडव्यांत प्रभू येतो, तिचे डोळे पुसतो आणि स्वर्गात तिचा वाटा राखून ठेवतो.

माझ्या आधी तिघांचे अभिप्राय गेले होते. पहिल्याने लिहिलं की मराठीत एक वेगळं विश्व येतं आहे, अभिनंदन. दुसऱ्याने लिहिलं की शेवट प्रचारकी आहे, तो कापा, आणि छंद जुनाट वाटतो, मुक्त छंदात करून पाहा. तिसऱ्याने, जो स्वतः चळवळीतला आहे, लिहिलं की धर्मसंस्थेतला ढोंगीपणा अजून टोकदार यायला हवा, बँकवाल्याला सोडू नका.

तिघेही भले लोक आहेत. पण सहा अंड्यांवर तिघांपैकी एकानेही एक वाक्य लिहिलं नव्हतं.

अभिनंदनवाल्याला फार वेळ द्यायला नको. ‘वेगळं विश्व’ हा शेरा म्हणजे पाहुण्याला दारातच पाणी देऊन वाटेला लावणं. शिवाय त्याच्यात एक गंमत आहे. मराठी आणि चर्च यांची ओळख काही कालपरवाची नाही. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, तेही ओवीत. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई शाळेच्या पुस्तकातून आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन गेले आहेत. विश्व जुनंच आहे, आपलं तिकडे जाणं-येणं कमी. आणि ‘ख्रिस्ती विश्व’ असं एकच एक काही नसतंही. वसईच्या कॅथलिक गावातली कविता असती तर तिच्यात मिस्सा, फादर आणि सणाचा बँड आला असता. ही नगरकडची प्रॉटेस्टंट मंडळी, इथे बेंच, वर्गणी आणि सभासदांची यादी.

ही यादी समजून घेतल्याशिवाय त्या लिलावातला ताण कळत नाही. नगरला १८३१ साली ठाणं मांडणारे अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे होते. त्या पंथात मंडळी आपला कारभार आपण बघते: पाळक कोण, पैसा कुठे, कुणाला सभासद करायचं, सगळं सभासदांनी ठरवायचं. पुढे १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, बऱ्याच मंडळ्या त्यात गेल्या, वर बिशप आले. पण पंच कमिटीत तावातावाने भांडायची सवय काही गेली नाही, आणि ती जाऊ नये असं मला वाटतं. गावातल्या चर्चमध्ये देवाइतकाच हिशोब महत्त्वाचा असतो. ते श्रद्धेचं अधःपतन वगैरे नाही. ज्या माणसांना कुठल्याच पंचायतीत कुणी बसू दिलं नव्हतं त्यांना इथे पावतीपुस्तक हातात मिळालं.

हे लक्षात घेतलं की तिसऱ्या अभिप्रायातली अडचणही दिसते. बँकवाला ढोंगी आहे हे कवितेत कुठे आहे? त्याने सहा अंडी पाचशेला घेतली. दिखावा असेल, उपकार असेल, किंवा बाईला हात पसरायला न लावता मदत करण्याची ती एकच रीत त्याला ठाऊक असेल. बहुतेक तिन्ही. कवितेने त्याला गुन्हेगार केलं तर कविता सोपी होईल आणि टाळ्या जास्त मिळतील, पण त्या टाळ्या चर्चबाहेरच्यांच्या असतील. ‘बुरखा फाडा’ हा सल्ला देणारा पुढच्या रविवारी त्या बेंचवर बसणार नसतो. लिहिणारी बसणार असते. त्या बँकवाल्याची सून तिच्या शेजारी असणार, दोघींच्या हातात एकच गीतांचं पुस्तक असणार.

म्हणजे लिहिणाऱ्याने घाबरून लिहावं का? नाही. वेल्समधला कवी आर. एस. थॉमस आठवा. तो स्वतः पाद्री. १९४२ पासून मानाफॉन, मग एग्लुइस-वाख, मग समुद्रकाठचं आबेरडारोन, अशा लहान लहान गावांत त्याने १९७८ पर्यंत सेवा केली आणि आपल्याच मंडळीतल्या शेतकऱ्यांबद्दल इतकं कठोर लिहिलं की वाचताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. त्याला ते शोभलं याचं कारण तो स्वतःलाही सोडत नाही. ज्यांच्याविषयी तुच्छता वाटते त्यांच्यापुढे आपलं शिक्षण आणि आपला देव किती लंगडा आहे हे त्याच्या कवितेत पुन्हा पुन्हा येतं. तरीही तो व्यासपीठावरून बघणारा माणूस आहे. तिसऱ्या रांगेतून बघणारीला ती उंची नाही, आणि तिने ती उसनी घेऊ नये.

तिच्यासाठी घरचाच दाखला जास्त उपयोगी. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त मिशन आहे, मिशनरी आहेत, नवे ख्रिस्ती झालेले लोक आहेत, त्यांची गरिबी, त्यांचे हेवेदावे आहेत. बाई सगळ्यांची थट्टा करतात, आणि सर्वांत जास्त स्वतःची. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षांनी त्याच्याकडे राहायला आल्या तरी वेगळी चूल आणि वेगळं पाणी हा त्यांचा हट्ट होता. तो हट्ट कसा हास्यास्पद होता आणि त्या क्षणी किती खरा होता हे त्या एकाच दमात सांगतात. असं लिहिणाऱ्या बाईला कुणी ‘तुम्ही संस्थेवर टीका का करत नाही’ असं विचारलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं याची मला उत्सुकता आहे. टीका आहेच, फक्त टीकाकार चित्रातून बाहेर गेलेला नाही.

म्हणून मी आमच्या शिक्षिका ताईंना पहिला प्रश्न हाच लिहिला: सगळे हसले असं तुम्ही लिहिता, तुम्ही हसलात का? कवितेत सगळे आहेत. बोली पुकारणारा, बँकवाला, पाळकसाहेब, चहाची किटली घेऊन फिरणारी तरुण मुलं. फक्त पाहणारी कुठे उभी आहे ते नाही. पावत्या फाडत होती की कोपऱ्यात होती की तिनेही स्वतःच्या मिरच्यांवर कितीची बोली लागते याकडे कान लावला होता? ही जागा ठरल्याशिवाय ‘सगळे हसले’ हे वाक्य तक्रार आहे की आठवण आहे ते कळत नाही.

दुसरा प्रश्न त्या पानाचा. ‘वर एक पान झाकलेलं’ हे माझ्या मते या कवितेतलं सर्वांत चांगलं पाहिलेलं. अंडी कुणी उन्हामुळे झाकत नाही. सहाच आहेत म्हणून झाकली. देवापुढे नेताना शरम नव्हती, माणसांपुढे ठेवताना होती. हे एवढं एका पानात आलेलं असताना पुढे ते पान गायबच होतं. बोलीसाठी टोपली वर उचलली तेव्हा पान कुणी काढलं? त्या बाईने की पुकारणाऱ्याने? मला वाटतं कविता तिथे आहे. आणि बारा ओळींनंतर ती बाईसुद्धा कवितेतून नाहीशी होते, थेट शेवटी प्रभूने डोळे पुसायला ती पुन्हा लागते. मधल्या वेळात पाचशे रुपयांचा आकडा ऐकून तिचा चेहरा कसा झाला हे न सांगता तिचे डोळे पुसले तर रडली कधी हा प्रश्न राहतोच.

आता दुसऱ्या अभिप्रायाकडे, म्हणजे छंद आणि शेवट. हा अभिप्राय सर्वांत जाणकार दिसतो, म्हणून त्याच्याशी जास्त भांडावं लागेल.

आधी छंद, आणि त्यासाठी एक लांबचं उदाहरण. कवयित्री एमिली डिकिन्सनचा जन्म १८३० च्या डिसेंबरातला, मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅम्हर्स्ट गावचा. ज्या काँग्रिगेशनल परंपरेतून नगरला मिशनरी आले तीच तिच्या घरची परंपरा, आणि त्यांना पाठवणारं मंडळही मॅसॅच्युसेट्समध्येच १८१० साली निघालेलं. तिच्या आजोबांनी ज्या अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजच्या उभारणीत पुढाकार घेतला ते गरीब मुलांना धर्मसेवेसाठी तयार करण्याच्या हेतूने निघालं होतं. गावात धर्मजागृतीच्या लाटा येत, घरचे एकेक करून चर्चचे सभासद झाले, ती झाली नाही. पुढे तिने चर्चला जाणंही सोडलं. पण लहानपणापासून कानावर पडलेल्या आयझॅक वॉट्सच्या स्तोत्रांची चाल, आठ अक्षरं, मग सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा, ती काही तिने सोडली नाही. देवाशी भांडण, मृत्यूशी गप्पा, रविवारी घरच्या बागेतच थांबण्याचं समर्थन, हे सगळं त्याच चालीत. प्रार्थनेच्या चालीत शंका बसवली की दोन्हींना धार येते.

तिने एप्रिल १८६२ मध्ये चार कविता थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन याला पाठवून या कवितांत जीव आहे का अशी विचारणा केली. ‘अटलांटिक मंथली’त नवोदितांना सल्ला देणारा त्याचा लेख नुकताच आला होता. हिगिन्सन पूर्वी स्वतः पाद्री होता, स्तोत्रं त्याच्या कानात होती, माणूस दिलदार होता, गुलामगिरीविरुद्ध लढायलाही गेला. त्याला तिच्यात काहीतरी विलक्षण आहे हे कळलं, पण चाल अडखळती वाटली आणि छापण्याची घाई करू नको असं त्याने सुचवलं. ती गेल्यावर १८९० साली त्याने आणि मेबल लूमिस टॉड यांनी तिच्या कवितांचं पहिलं पुस्तक काढलं तेव्हा कुठे यमक गुळगुळीत केलं, कुठे शब्द बदलले, कवितांना शीर्षकं लावली. तिने लिहिल्याप्रमाणे सगळ्या कविता एकत्र छापून यायला १९५५ उजाडलं. चांगल्या हेतूने दिलेला अभिप्राय किती काळ टिकू शकतो याचा हा हिशोब आहे. हिगिन्सनवर मला राग नाही. त्याने तिची पत्रं जपली, तिला उत्तरं दिली, म्हणून तर आपल्यापर्यंत ती गोष्ट आली. पण ज्या मोडतोडीत तिचं म्हणणं होतं तीच त्याला दुरुस्त करण्यासारखी वाटली.

नगरकडे चालीची गोष्ट उलट्या दिशेने घडली. सुरुवातीला इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं इंग्रजी सुरावटीवर बसवून गायली जात, मराठी शब्द ओढूनताणून त्या मापात कोंबलेले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि टिळकांनी तर १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि ओवी सरळ चर्चच्या बेंचवर आणून बसवली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. तेव्हा आमच्या या शिक्षिका ताई सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या अभंगात लिहितात त्याला जुनाट म्हणणं म्हणजे त्या गावात रविवारी सकाळी लोक ज्या आवाजात श्वास घेतात तो आवाजच कवितेतून काढून टाका म्हणणं.

माझी सूचना वेगळी होती. अभंग ठेवा, पण लिलावही अभंगातच का? पुकारणारा ‘पाचशे एक वार, पाचशे दोन वार’ म्हणतो त्याची स्वतःची लय आहे, तिला बाजाराचा वास आहे. ती अभंगात घुसू द्या, चाल मोडू द्या. गाणं आणि बोली एकाच आवारात, एकाच तोंडातून निघतात हीच तर त्या सणाची गंमत आहे. छंद सांभाळायचा म्हणून बोली गुळगुळीत केली तर हिगिन्सनचं काम आपणच आपल्यावर केल्यासारखं होईल.

शेवटाबद्दल. प्रभू येतो म्हणून तो प्रचारकी ठरत नाही. विठ्ठल दळू-कांडू लागतो त्याला आपण प्रचार म्हणत नाही. माझा आक्षेप असा की ही दोन कडवी फुकट आली आहेत. त्यांतला प्रत्येक शब्द गीतांच्या पुस्तकात तयार मिळतो, या बाईसाठी, या अंड्यांसाठी असं त्यांत काहीच नाही. पण इथे चर्चच्या आयुष्याची एक गोष्ट सांभाळून बोललं पाहिजे. त्या मंडळीत दुःखाच्या घरी गेल्यावर लोक स्वतःचे शब्द शोधत नाहीत. गीत काढतात, सगळे उभे राहतात, गातात. तयार शब्दच तिथे आधाराचे असतात, आणि कुणाला तरी स्वतःचं वेगळं काही सुचलं तर ते अवघडच वाटतं. तेव्हा ते शब्द कवितेत असायला हरकत नाही, फक्त ते कवीचा निष्कर्ष म्हणून नको. चर्चमध्ये शेवटचं गीत चालू आहे, त्यात प्रभू डोळे पुसतो आहे, आणि बाहेर दोघे पाचशेच्या नोटेचे सुटे शोधत आहेत, असं असेल तर तेच शब्द काम करतील. तेव्हा ते खरे आहेत की नाहीत हे वाचणाऱ्याने ठरवावं.

एक गोष्ट मी लिहावी की नाही यावर बराच विचार केला. नगर जिल्ह्यात १८७६–७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर जे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात ख्रिस्ती बसत नाहीत, त्यामुळे कागदावर अनुसूचित जात नाही, आणि चर्चमध्ये ती नसल्याचं सगळे सांगतात. सोयरीक जमवताना मात्र ती बरोबर आठवते. त्या बँकवाल्याच्या आणि त्या विधवेच्या घरांत हे अंतर असू शकतं. कवितेत त्याचा मागमूस नाही. ‘जात आणा’ असं सांगणं मला चळवळीतल्या मित्राच्या सल्ल्यासारखंच वाटलं, म्हणजे आपल्याला ऐकायची असलेली कविता दुसऱ्याकडून लिहवून घेणं. पण हे माहीत असून गप्प बसणं म्हणजे पुन्हा ती सभ्यता. शेवटी मी एवढंच विचारलं की बाई टोपली घेऊन आल्या तेव्हा कुठे बसल्या. पुढे, मागे, की बाहेर व्हरांड्यात. तेवढं उत्तर कवितेत आलं तर बाकीचं नगरचा वाचक आपोआप वाचेल.

आपल्याला हवी ती कविता न मागण्याच्या बाबतीत टिळकांचंच घर आठवतं. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोमरे नावाच्या पोराला अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी बालकवी म्हटलं. पुढे हा मुलगा टिळकांच्या आश्रयाला नगरला राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. धर्मप्रसाराला वाहून घेतलेल्या त्या घरात राहूनही त्याची कविता फुलं, झरे आणि उदास संध्याकाळी यांचीच राहिली. टिळक स्तोत्रं लिहीत होते, कीर्तनं करत होते, आणि शेजारच्या खोलीतला पोरगा निर्झरावर लिहीत होता.

ताईंचं उत्तर आठवड्याने आलं. पान पुकारणारा काढतो, हे आता कवितेत आहे. बाई व्हरांड्यात बसल्या आहेत, आणि लिहिणारी पावतीपुस्तक घेऊन टेबलाशी आहे. पाचशेची पावती तिनेच फाडली. ती हसली होती, हेही आलं आहे. बोली अभंगात घुसली आहे, थोडी ओबडधोबड, पण चालेल. शेवट मात्र त्यांनी जसाच्या तसा ठेवला. ‘सर, तुमचं म्हणणं पटलं,’ त्यांनी लिहिलं, ‘पण ही कविता मी आधी मंडळीत वाचणार आहे, आणि ती दोन कडवी नसली तर माझ्या सासूबाईंना ती अपुरी वाटेल.’ मी उलट लिहिलं की ती दोन कडवी मला अजूनही कच्चीच वाटतात, सासूबाईंना अपुरी वाटली तर त्यांनी गीत म्हणावं, कवितेला कशाला वेठीला धरता. त्यांनी अंकाकडे ती कडव्यांसकटच पाठवली.